ताश्कंदच्या बाजाराला चाळीस मिनिटं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद इथल्या सहलीवर लेख आला होता. फोटो झकास होते. पण चोरसू बाजाराला त्यात जेमतेम दीड ओळ, तीही सुकामेवा स्वस्त मिळतो एवढं सांगण्यापुरती. मी पलूस भागातला द्राक्षबागायतदार, घरचा बेदाणा करतो. मला ती दीड ओळ पचली नाही.

गेल्या सप्टेंबरात, फळछाटणीची गडबड सुरू व्हायच्या आधी, आम्ही काही बागायतदार तिकडे जाऊन आलो. अभ्यासदौरा वगैरे नव्हे. स्वतःच्या पैशानं, एका सहल कंपनीच्या बसमध्ये बसून. दिल्लीहून विमानानं तीन तास लागतात, व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, त्यामुळे हल्ली आपली बरीच मंडळी तिकडे जातात. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

सकाळी पहिलं ठिकाण शास्त्रीजींचा पुतळा. तिथे जायलाच हवं. १० जानेवारी १९६६ रोजी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीनं पाकिस्तानचे अयुबखान आणि शास्त्रीजींनी ताश्कंद करारावर सह्या केल्या आणि त्याच रात्री शास्त्रीजी गेले. त्या शिष्टमंडळात संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण होते, आणि त्यांचा जन्म देवराष्ट्रेचा, म्हणजे आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातला. आमच्यातल्या एका तात्यांनी हे गाईड मुलीला अगदी सविस्तर सांगितलं. तिला चव्हाण ठाऊक नव्हते. शास्त्रीजी ठाऊक होते, कारण ती ज्या शाळेत हिंदी शिकली त्या शाळेला त्यांचंच नाव आहे. तात्यांनी मग यशवंतरावांचं नाव तिच्या वहीत लिहून दिलं.

शहर पाहताना बसमध्ये कुरकुर चालली होती की सगळे रस्तेच रस्ते, जुनं काही दिसत नाही. त्याचं कारण त्याच वर्षीचं आहे. २६ एप्रिल १९६६ च्या पहाटे भूकंप झाला. तीव्रता फार मोठी नव्हती, पण केंद्र थेट शहराखाली आणि उथळ. कच्च्या विटांची घरं बसली, लाखो लोक उघड्यावर आले. मग सोव्हिएत संघातल्या सगळ्या प्रजासत्ताकांनी मिळून हे रुंद रस्ते आणि इमारती उभ्या केल्या. जुनं शहर उरलं ते चोरसूच्या आसपास. गल्लीत डोकावलं तर मातीच्या भिंती आणि अंगणावर द्राक्षवेलीचा मांडव. वेल हिवाळ्यात आडवा करून मातीखाली गाडतात आणि वसंतात पुन्हा उभा करतात, हे ऐकून मात्र आमची बस गप्प झाली. आपल्याकडे नुसतं धुकं पडलं तरी झोप उडते!

चोरसूला आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती. नंतर टीव्ही टॉवर, त्यानंतर हॉटेलात भारतीय जेवण. आम्ही सरळ सांगितलं की टॉवरला तुम्ही जा, आम्ही मेट्रोनं येतो. सहल व्यवस्थापक नाराज झाला. गाईड मुलगी खूश झाली आणि आमच्याबरोबर थांबली.

बाजाराचा मुख्य भाग एका मोठ्या निळ्या घुमटाखाली आहे. तळाला मांस आणि दूधदुभतं, वर गोल सज्जा, तिथे सुकामेवा. बाहेर भाजी, फळं, तंदूरची रोटी. खरबुजांचे ढीग गाडीभर. ताज्या द्राक्षांत लांब मण्यांची हुसैनी होती आणि गुलाबी ताइफी. मणी बघून आमच्यातला एकजण लगेच जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) किती डोस दिले असतील याचा हिशेब मांडायला लागला. त्याला आवरून वर नेलं.

वर एका आजींचा गाळा होता. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, तोंडात सोन्याचे दात. मी सवयीनं पिवळाधमक बेदाणा उचलला, दाबला, देठ पाहिला. त्यांनी माझ्या हातातला बेदाणा परत पोत्यात टाकला आणि शेजारचा हिरवट, जरा बारीक माल तळहातावर ठेवला. मुलगी म्हणाली, पिवळा गंधकाच्या धुरीचा आहे, तो पाहुणे नेतात, हा घरी खायचा. त्याला सोयाकी म्हणतात. भिंतींना झरोके ठेवलेल्या मातीच्या खोल्यांत घड टांगून, ऊन न दाखवता, नुसत्या वाऱ्यावर सुकवलेला. महिना-सव्वा महिना लागतो. त्या गाळ्यावर सगळ्यांत महाग तोच होता. साल पातळ, आणि गोडीमागून किंचित आंबटपणा येतो, जो आपल्या मालात फार क्वचित सापडतो.

मग एकेक पोतं उघडत गेलं. उन्हात तसाच वाळवलेला तो बेदोना. कढत क्षाराच्या पाण्यात बुडवून वाळवलेला तो साबझा. काळ्या द्राक्षाचा शिगानी. गिऱ्हाईक येतं, या नावानं मागतं, चार दाणे खातं आणि मग भाव विचारतं. कोणता माल कसा वाळवला हे त्या बाजारात शाळकरी पोरालाही कळतं. हे बघायला मला पलूसहून ताश्कंदला जावं लागलं, आणि ते चाळीस मिनिटांत दिसलं नसतं.

वाण तर आपलेच सगेसोयरे आहेत. आपण ज्याला थॉमसन म्हणतो तो त्यांचा पांढरा किशमिश. तास-ए-गणेश आणि सोनाका त्याच्याच पोटचे. काळा किशमिश आपल्याकडे किशमिश चोर्नी नावानं आला आणि त्यातूनच सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शरद सीडलेस हा काळा वाण निवडला. शिगानीचं पोतं पाहून मी फोनमधला आमच्या बागेतल्या शरदचा फोटो आजींना दाखवला. त्यांनी तो शेजारच्या दोन गाळ्यांवर फिरवून आणला. परत येताना भाव कमी केला नाही, पण मूठभर जर्दाळूच्या बिया दिल्या. राखेत भाजून तडकवलेल्या, खारट. शेंगदाण्यांना विसरायला लावतील अशा.

बाकीची खरेदी पटकन सांगतो. बिनगंधकाचे तपकिरी जर्दाळू (केशरी चकचकीत घेऊ नयेत), प्लोवमध्ये (तिकडच्या पुलावात) घालायचा झिरिश्क नावाचा आंबट सुका मेवा, जिरं, आणि दोऱ्याला धरलेली नवात नावाची खडीसाखर, जी आमच्या ऊस लावणाऱ्या भावासाठी मुद्दाम घेतली. कुर्त म्हणून दह्याच्या वाळक्या खारट गोळ्या मिळतात. मला झेपल्या नाहीत. घोड्याच्या मांसाचं कझी दिसलं, तिथून आमचे माळकरी मित्र लगबगीनं पुढे सरकले. तिथलं चलन सोम, एका रुपयाला शंभरावर येतात, त्यामुळे पाव किलो बेदाण्यालाही नोटांची चळत मोजावी लागते.

जेवलो तिथेच. मोठ्या कढईतला प्लोव, पिवळं गाजर, चणे, मटण आणि त्यात बेदाणे. तो दुपारचाच खावा, उशीर केला तर कढई रिकामी. माळकरी मित्रांनी ठसे मारलेली तंदूरची नान, दही, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि अख्खं खरबूज यावर भागवलं आणि रात्री हॉटेलातल्या पनीरपेक्षा हेच बरं होतं असं जाहीर केलं. नान पालथी ठेवायची नाही, एवढं मात्र मुलीनं दोनदा बजावलं.

आता आपल्याकडचं. आपण डिपिंग ऑईल (द्राक्ष लवकर सुकावं म्हणून वापरायचं तेल) आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात द्राक्ष बुडवतो, त्यामुळे सालीवरचं मेण सुटतं आणि शेडनेटखाली रॅकवर दहा-पंधरा दिवसांत माल तयार होतो. यात लबाडी काही नाही. त्यांचा हंगाम कोरड्या शरद ऋतूत येतो, आपला मार्च-एप्रिलच्या अवकाळीत. महिनाभर माल रॅकवर ठेवायची छाती कुणाची? पण बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे लिलावात, काय होतं? हिरवा, पिवळा, काळा एवढंच पाहिलं जातं. पेटी फोडून मूठभर उधळायची, रंग बघायचा, बोली लावायची. गंधकाची धुरी दिलेला आणि न दिलेला यातला फरक ना पाकिटावर सहसा दिसतो, ना दुकानदाराला सांगता येतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण सांगलीत उतरलेल्या पाहुण्यानं चार प्रकार चाखून घ्यावेत अशी एक धड जागा मला दाखवता येणार नाही. सणासुदीला तो पाहुणा अफगाणी माल घेऊन जातो आणि आपण आयातीच्या नावानं बोटं मोडतो.

म्हणून दोन विनंत्या. सहल कंपन्यांनी चोरसूला सकाळचा अर्धा दिवस द्यावा, टॉवर संध्याकाळी लांबूनही दिसतो. आणि आमच्या बागायतदार बंधूंनी निदान किरकोळ पाकिटावर तरी माल कसा सुकवला ते छापावं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

या हंगामात मी एक रॅक द्रावणात न बुडवता, दुहेरी शेडनेटखाली तसाच ठेवणार आहे. अवकाळी आला तर तो रॅक गेला, असं घरात आधीच सांगून ठेवलं आहे. आपल्या भागात हे कुणी पूर्वी करून पाहिलं असेल तर किती दिवस लागले, साल कितपत नरम राहिली आणि देठ नीट सुटला का, हे त्यांनी याच सदरातून कळवावं.

आपला,
एक द्राक्षबागायतदार
पलूस, जि. सांगली