शंभर मीटरवरचा आकडा

ट्रॉन्हाइम, नॉर्वे
12 ऑक्टोबर 2024

प्रिय संदीप,

परवा फोनवर तू विचारलंस, "दुकानात तयार काडतुसं मिळतात ना, मग घरी कशाला भरत बसतोस?" तेवढ्यात काकूंनी तुला जेवायला हाक मारली आणि बोलणं राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहितो.

तुझ्या आजोबांची ठासणीची बंदूक आठवते? शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची. आजोबा दारू तळहातावर घेऊन अंदाजानेच नळीत ओतायचे, वर चिंधी, मग छर्रे, आणि गजाने ठासायचे. ते डुक्कर जखमी होऊन रानात पळालं, ती रात्र मी विसरलेलो नाही. सकाळी रक्ताचा माग काढत आपण ओहोळापर्यंत गेलो, पुढे काहीच सापडलं नाही. आजोबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. काडतुसं भरायला बसलो की मला तो ओहोळ दिसतो.

इथलं जनावर म्हणजे एल्ग, आपण ज्याला मूस म्हणतो ते. मोठा नर चार-पाचशे किलोचा. त्याला अर्धवट लागलं तर तो मैलोगणती जाऊन कुठेतरी तडफडत पडेल. म्हणून कायद्याने आकडे बांधून दिलेत. गोळी 9 ते 10 ग्रॅमची असेल तर तिच्यात किमान 2700 जूल ऊर्जा हवी, 10 ग्रॅमच्या वर असेल तर 2200 जूल. आणि हे नळीच्या तोंडाशी नाही, 100 मीटरवर. जड, लांब गोळी खोल जाते, म्हणून तिला ही सवलत, आणि मला ती पटते. शिवाय दरवर्षी नेमबाजीची परीक्षा. 100 मीटरवरच्या रेनडियरच्या चित्रावर पाच गोळ्या, पाचही 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या पाहिजेत.

माझी रायफल 6.5 बाय 55 ची, म्हणजे गोळी साधारण 6.5 मिलिमीटर जाडीची आणि पुंगळी, काडतुसाचं पितळी कवच, 55 मिलिमीटर लांब. हे काडतूस नॉर्वे आणि स्वीडनने 1890च्या दशकात मिळून सैन्यासाठी बनवलं. माझ्या रायफलीची नळी आखूड आहे, 51 सेंटिमीटर. तयार डब्यावरचा वेग कारखान्यातल्या लांब नळीत मोजलेला असतो. माझ्या नळीतून तेवढा वेग निघत नाही, मग डब्यावरच्या आकड्यावर विसंबायचं कसं? दुकानातली काडतुसं का नको, याचं उत्तर हेच.

पहिल्या वर्षी 140 ग्रेनची, म्हणजे 9.07 ग्रॅमची गोळी भरली. (ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त.) नेम असा बसला की पाचही भोकं तीन सेंटिमीटरमध्ये! मी हरखून गेलो. मग क्रोनोग्राफ, गोळीचा वेग मोजणारं यंत्र, लावला. तोंडाशी सेकंदाला 800 मीटर, 100 मीटरवर 745 च्या आसपास. हिशेब केला तर साधारण 2500 जूल. दोनशे कमी. पुस्तकातल्या मर्यादेत राहून दारू थोडी थोडी वाढवत गेलो, तर मर्यादा यायच्या आतच बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा दांडा, उचलायला जड जाऊ लागला आणि पुंगळीच्या बुडाची, दारू पेटवणारी टोपी चपटी होऊन आली. नळीतला दाब नको तितका झाल्याची ही खूण. तिथेच थांबलो. उरलेली काडतुसं घरी आणून एकेक उघडली, गोळ्या वेगळ्या केल्या, दारू टाकून दिली.

मग 156 ग्रेनकडे वळलो, 10.1 ग्रॅम. वेग उतरला, तोंडाशीच 745. पण 100 मीटरवर 678 धरले तरी 2300 जूलच्या वर जातं. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही, कारण थंडीत दारू मंदावते. मार्चमध्ये उणे चारला पुन्हा मोजलं. 11 मीटरने कमी. तरीही 2240 च्या घरात. आता बरं वाटलं.

भरताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. पुंगळ्या धुवायच्या, साच्यातून काढून मापात आणायच्या, लांबी तपासायची, टोपी बसवायची. दारू चमच्याने घालून शेवटचे दाणे चिमटीने तराजूत सोडायचे. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या राहिल्या की गोळ्या बसवण्याआधी बॅटरी धरून एकेकीत डोकावतो. मागच्या महिन्यात तिसऱ्या ओळीतली एक जरा रिकामी वाटली. कदाचित उजेडाचा भास असेल. मी पन्नासच्या पन्नास ओतून टाकल्या आणि पहिल्यापासून भरल्या. रात्रीचा दीड वाजला.

गेल्या शनिवारी दलदलीच्या कडेला माझी बैठक होती. कुत्र्याचं भुंकणं जवळ जवळ येत गेलं आणि साठ मीटरवर एल्गचं वासरू बर्च झाडांतून बाहेर आलं, आडवं उभं राहिलं. एकच बार. चाळीस पावलं गेलं आणि खाली बसलं. मी पोचेपर्यंत डोळे स्थिर झाले होते. मी टोपी काढून थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

सोलताना पलीकडच्या कातडीखाली गोळी सापडली, अळंबीसारखी पसरलेली. घरी आणून त्याच तराजूवर ठेवली. 9.3 ग्रॅम. फोटो सोबत पाठवतोय. आजोबांना मोठा करून दाखव, आता त्यांना कमी दिसतं ना.

तुझा,
मंदार