आधी कॉन्टेक्स्ट विचार म्हणणाऱ्या दादांना, मनापासून थँक यू

दादा, हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण तोंडावर थँक यू म्हटलं की तुम्ही "चल चहाला" म्हणून विषय उडवून लावता, आणि तुम्ही जे समजावलंत ते लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, लिहिणाऱ्या बाकीच्यांच्याही कामाचं आहे.

तो बाहेरून आलेला सिरीयल ड्रायव्हर आठवतोय ना, बोर्ड कधी दिवसभर मस्त चालायचा आणि कधी मधेच ठप्प, सगळे हार्डवेअरवर खापर फोडून मोकळे झाले होते. तुम्ही कोडची चक्क प्रिंटआउट काढलीत (आम्ही हसलो होतो, मान्य) आणि प्रत्येक फंक्शनसमोर पेन्सिलीने लिहीत गेलात की हे कुठून कॉल होतं, प्रोसेस कॉन्टेक्स्ट (एखाद्या प्रोग्रामच्या वतीने चालणारा साधा कोड), सॉफ्टआयआरक्यू (इंटरप्टनंतर उरकायचं ठेवलेलं काम) की हार्ड इंटरप्ट (हार्डवेअरने हाक मारली की चालू काम थांबवून चालणारा कोड). लॉक कुठला वापरलाय हे तोवर बघितलंच नाहीत.

आता बेसिक भाग सगळ्यांना पाठ असतो. प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये साधा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत सीपीयूला जागीच फिरत ठेवणारा लॉक) घेतला, त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला आणि हँडलरला (इंटरप्ट हाताळणाऱ्या फंक्शनला) तोच लॉक हवा असला की हँडलर फिरत बसतो, आणि लॉक ज्याच्याकडे आहे तो कोड हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, म्हणजे कायमचं अडकलं. इंटरप्ट दुसऱ्या सीपीयूवर आला तर मात्र तिकडचा हँडलर जरा थांबतो आणि सगळं सुरळीत चालतं, म्हणून तर ही भानगड टेस्टिंगमध्ये सापडत नाही. उपाय म्हणजे आयआरक्यूसेव्ह (आधीची स्थिती जपून, इंटरप्ट बंद करून लॉक घेणं), आणि गंमत म्हणजे आपल्या ड्रायव्हरमध्ये ते होतंच!

घोळ एक पायरी आत होता. आयआरक्यूसेव्ह घेऊन कोड एका छोट्या हेल्परला कॉल करत होता, त्या हेल्परचा स्वतःचा वेगळा लॉक, आणि तो नुसत्या स्पिन लॉक आयआरक्यूने घेतलेला. सोडताना स्पिन अनलॉक आयआरक्यू मागची स्थिती काय होती ते बघत नाही, सरळ इंटरप्ट चालू करून टाकतो. बाहेरचा लॉक अजून हातात, इंटरप्ट चालू, त्याच क्षणी एक बाइट आला की खेळ खल्लास. दोन्ही फंक्शनं वेगवेगळी वाचली तर दोन्ही बरोबर वाटतात हो, तिथेच तर सगळे फसले.

मग तुम्ही लॉकडेप (लॉक वापरण्यातल्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून दाखवलंत. इन्गो मोल्नार यांचं हे काम २००६ मध्ये २.६.१८ कर्नलमध्ये आलं, आणि आमच्याकडे डीबग बिल्डमध्येसुद्धा स्लो होतं म्हणून बंद ठेवलेलं. बोर्ड अडकायची वाटच बघावी लागली नाही, हा लॉक हँडलरमध्येही घेतला जातो आणि तो धरलेला असताना इंटरप्ट चालूही होतात, एवढं दोन वेगवेगळ्या वेळी दिसलं तरी त्याने रिपोर्ट फेकला.

अजून एका गोष्टीसाठी थँक यू, इन_इंटरप्ट() (आपण इंटरप्टमध्ये आहोत का हे सांगणारं फंक्शन) बघून मेमरी जीएफपी अ‍ॅटॉमिकने मागायची की जीएफपी कर्नलने (पहिला फ्लॅग न झोपता मेमरी मागतो, दुसरा झोपू शकतो, म्हणजे सीपीयू सोडून वाट बघू शकतो) हे ठरवणारा तुकडा तुम्ही काढायला लावलात. तेव्हा मला ते उगाच कडक वाटलं होतं, पण साधा स्पिनलॉक धरून प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये असलो तर ते फंक्शन बिनधास्त नाही म्हणतं, आणि तिथे झोपायला तर मनाईच. कॉल करणाऱ्याला आपण कुठे आहोत हे माहीत असतं, त्यानेच फ्लॅग द्यावा, हे आता मीच नवीन पोरांना सांगतो.

पुढचं काम पण तुमच्याच गळ्यात पडणार आहे. २०२४ मध्ये ६.१२ पासून प्रीएम्प्ट आरटी (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारी रिअल-टाइम सोय) मुख्य कर्नलमध्ये आलंय, त्यात साधा स्पिनलॉक झोपू शकतो आणि आयआरक्यूसेव्ह लिहिलं तरी इंटरप्ट बंद होत नाहीत, त्यामुळे जीपीआयओ (बोर्डवरच्या साध्या इनपुट-आउटपुट पिना) ड्रायव्हरच्या इंटरप्ट मास्क-अनमास्कवाल्या (इंटरप्ट बंद-चालू करणाऱ्या) भागात रॉ स्पिनलॉक (कधीच न झोपणारा) लागणार. पॅच या आठवड्यात पाठवतो, नेहमीसारखा फाडून काढा.