खांबदेवाला जागचा हलवू नका, पण कागदावर घ्या

प्रति,
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई 400032

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र एका दगडाबद्दल आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका गावठाणात, तीन गल्ल्या मिळतात त्या नाक्यावर तो उभा आहे. गावठाणाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव छापले की आठवडाभरात एक तर ग्रॅनाइटच्या फरश्या घेऊन भक्त येतील, नाही तर टेम्पो घेऊन जुन्या वस्तूंचे गिऱ्हाईक. आपल्या कार्यालयाला हवे असेल तर मी स्वतः येऊन नकाशावर बोट ठेवीन.

आम्ही त्याला खांबदेव म्हणतो. वर चंद्र आणि सूर्य, मध्ये शेंदराचा जाड थर, खाली रस्ता. लग्नाची हळद आधी त्याला लागते. भातशेती होती तोवर पहिली लोंबी त्याच्या डोक्यावर ठेवत. मी दहावीच्या परीक्षेला निघालो तेव्हा आजीने नाक्यापर्यंत सोबत येऊन बजावले होते, "खांबदेवाला सांगून जा." शेजारच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबातली म्हातारीही तिथून जाताना पदर सावरायची. त्यांचा क्रूस गावठाणाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण वाट एकच.

लहानपणी हा दगड माझ्या छातीपर्यंत यायचा. आता गुडघ्याच्या थोडा वर येतो. मी उंच झालो हे खरे, पण एवढा नाही. डांबर, त्यावर डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग काँक्रीट. दर वेळी जुना थर न खरवडता वर नवा. घरांचे उंबरठे खाली गेले, पावसाळ्यात पाणी आत येऊ लागले, आणि देव हळूहळू जमिनीत उतरला.

मग काही वर्षांपूर्वी गटारासाठी खणले. कामगाराची पहार दगडाच्या पायथ्याशी पोहोचली आणि कुणाच्याच आठवणीत नसलेला खालचा भाग उघडा पडला. एक बाई आणि तिच्यावर चढलेले गाढव. दुसरे काहीही समजून घेता येऊ नये इतके स्पष्ट.

त्या संध्याकाळी नाक्यावर जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. ज्या बायांनी चाळीस-चाळीस वर्षे ओटी भरली होती त्या तोंडावर पदर धरून उभ्या. तरुण मंडळातल्या दोघांनी हे घाणेरडे चित्र फोडून टाकायची भाषा केली. एका काकांनी तर खाडीत विसर्जन करायची तारीखही सुचवली. शेवटी गटाराचा पाइप दोन वीत बाजूने घेतला, माती पुन्हा लोटली आणि सगळ्यांनी विषय बंद केला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना.

आपल्याला हे ठाऊक असेलच, तरी लिहितो. असल्या दगडाला गद्धेगाळ म्हणतात. गाढवाची शिवी कोरलेला दानाचा दगड. एकेकाळी कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार राजांच्या काळापासून इथे असे दगड उभे राहू लागले. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, बाग, गावाचे उत्पन्न देवाला अथवा कुणाला दिले की त्याची आज्ञा दगडावर कोरून सगळ्यांच्या नजरेसमोर रोवायची. वरचे चंद्र-सूर्य सांगतात की हे दान ते दोघे आकाशात आहेत तोवर चालायचे. मधे मजकूर. खालचे गाढव सांगते, मोडाल तर तुमच्या घरच्या बाईचे असे होईल. अक्षर न येणाऱ्यालाही समजेल असा हा कायदा होता. शिक्षा गुन्हेगाराच्या आईच्या माथी मारण्याची खोड आपल्या शिव्यांमधून अजून गेलेली नाही, हा भाग वेगळा. त्याची लाज बाळगावी, पण म्हणून पुरावा फोडू नये.

परळला सापडलेला असाच एक दगड आज मुंबईच्या संग्रहालयात आहे. शिलाहार राजा दुसऱ्या अपरादित्याचा, शके 1109 म्हणजे इ. स. 1187 चा. साष्टीतल्या, म्हणजे आज मुंबईची उपनगरे आहेत त्या बेटावरच्या, एका वाडीच्या उत्पन्नातून 24 द्रम्म (त्या काळची नाणी) देवाच्या पूजेला दिल्याची त्यात नोंद आहे. दानाचा सगळा मजकूर संस्कृतात, आणि धमकी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र कोरणारा सरळ मराठीत उतरला: "जो कोणु हुवि ए शासन लोपी", जो कोणी ही आज्ञा मोडील, त्याच्यावर वैद्यनाथ देवाचा सकुटुंब कोप होवो. पुढे त्याच्या आईविषयी जे आहे ते मंत्रिमहोदयांना लिहिलेल्या पत्रात लिहिणे बरे नव्हे. पण आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लेखी वाक्यांपैकी हे एक आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या नाक्यावरही पेढे वाटले. ज्या दगडाला टेकून वाटले त्याच्या शेंदराखाली अक्षरे आहेत. बोट फिरवले की दोन ओळींचे खोलवे लागतात. ती कुणी वाचलेली नाहीत.

मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथे विचारले, पूजा होते का? होते म्हटल्यावर, "मग देवस्थानाच्या ट्रस्टचे पत्र आणा." ट्रस्ट नाही. पुजारीही नाही, शनिवारी ज्याला आठवते तो तेल घालतो. दुसऱ्या कार्यालयात मिळकत पत्रिका मागितली. दगड रस्त्यावर आहे आणि गावठाणाच्या नकाशात त्या जागी नुसती मोकळी जागा दाखवली आहे. तिथल्या साहेबांनी सौजन्याने समजावले, "कागदावर तो नाहीच." तिसऱ्या ठिकाणी त्याची नोंद सापडली. रस्त्यातला अडथळा म्हणून.

शंभर वर्षांहून जुने कोरीव काम 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. पण कायदा वस्तूला वय विचारतो, आणि वय सांगायला आधी कुणी तरी येऊन पाहावे लागते. गावठाणांचे सीमांकन, पुनर्विकास, एकत्रित विकास यांच्या फायली ज्या वेगाने हलतात त्यापुढे हा दगड फार काळ टिकायचा नाही. जे नकाशात नाही ते पाडले अशी तक्रारही करता येत नाही.

माझे मागणे संग्रहालयाचे नाही. तिथे तो सुरक्षित राहील, पण खांबदेव राहणार नाही. लोखंडी स्टँडवरचा क्रमांक होईल. आणि जागा हाही त्या लेखाचा भाग आहे. "या वाडीच्या उत्पन्नातून" असे लिहिलेला दगड त्या वाडीपासून उचलला की निम्मा अर्थ तिथेच राहतो. परळचेच दुसरे उदाहरण घ्या. 1931 मध्ये रस्त्याच्या कामात शिवाची प्रचंड शिळा निघाली, पाचव्या-सहाव्या शतकातली. मूळ शिळा आजही परळच्या बारादेवी मंदिरात आहे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेली, आणि संग्रहालयात गेली ती साच्यातून घेतलेली तिची प्रत. देव गावात, प्रत संग्रहालयात. जवळपास शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते आता का जमू नये?

शेंदराबद्दलही आमच्यात भांडण होईल असे आपल्याला वाटत असेल. होईल, थोडेसे. पण वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा लेप 2022 मध्ये विधी करून, जाणकारांच्या हातून काढला आणि खालचे मूळ रूप दिसले, हे आमच्याकडच्या बायांनी टीव्हीवर पाहिले आहे. मी विचारले तेव्हा आमच्या मावशी एवढेच म्हणाल्या, "पंचांग बघून काढा, आणि खरवडू नका." रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन येणाऱ्या कंत्राटदारापेक्षा मावशींना संवर्धन जास्त कळते, असे माझे मत आहे.

तेव्हा मागणे असे: साष्टीतल्या प्रत्येक गावठाणात आणि कोळीवाड्यात उभे असलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे दगड), गद्धेगाळ, सतीशिळा (सती गेलेल्या बायांचे दगड) मोजा, आणि नगर भूमापनाच्या नकाशावर त्या जागी खूण करा. हौशी अभ्यासकांनी आणि विद्यापीठाच्या मुलांनी पायी फिरून यातले बरेच काम करून ठेवले आहे. सरकारने फक्त त्यावर शिक्का मारायचा आहे. बोरिवलीच्या एक्सर गावचे वीरगळ तर इंग्रजांच्या गॅझेटियरपासून नोंदलेले आहेत. दोन्ही बाजूंना वल्ही असलेली उंच नाळेची लढाऊ जहाजे दगडात कोरलेली. शेवटचा शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातली समुद्रावरची लढाई ती हीच, असे अनेक अभ्यासक मानतात. दुसऱ्या कुठल्या शहरात अशा दगडांभोवती चौक असता. या शहरात इंग्रजांचे मैलाचे दगड रस्त्याखालून उकरून पुन्हा पातळीवर आणले गेले, आणि ते चांगलेच झाले. मैलाच्या दगडासाठी जो रस्ता खोदता येतो तो खांबदेवासाठीही खोदता येईल.

फलक लावाल तर छोटा लावा. गाढवाचा अर्थ स्पष्ट मराठीत लिहा, आडपडदा न ठेवता. आमच्या बाया वाचतील आणि ओटीही भरतील. गटाराचे प्रकरण झाल्यावर पुढच्याच नवरात्रात त्या आल्या होत्या, सगळ्या.

एक घाईची गोष्ट राहिली. दिवाळीनंतर आमच्या गल्लीचे काँक्रिटीकरण सुरू होणार आहे. नव्या रस्त्याची पातळी दाखवणारी लाल रेघ मुकादमाने शेजारच्या भिंतीवर मारून ठेवली आहे. काल टेपने मोजले. ती रेघ खांबदेवाच्या चंद्र-सूर्याच्या बरोबर अकरा इंच खाली येते, म्हणजे अक्षरांच्या पहिल्या ओळीच्या वर. माणूस पाठवायचा असेल तर त्याआधी पाठवा. सकाळी नऊच्या आत आला तर बरे, नंतर तिथे भाजीची गाडी लागते.

आपला,
गावठाणातला एक रहिवासी