डावी बाजू आमच्या बोलीला देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

तुमच्या सातवीच्या वर्गात खिडकीजवळ बसतो त्या मुलाची मी आई. पालकसभेत दोनदा तुमच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही वेळा नुसतं 'येते सर' म्हणून परत फिरले. बोलायला गेलं की घसा दाटून येतो. म्हणून लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले. ह्यांच्या कंपनीतल्या नोकरीपायी नाशिकला आलो तेव्हा मुलगा दुसरीत होता. घरात सगळी अहिराणी. आधीच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात तो बोलून गेला, 'मना बाप कंपनीमा शे.' वर्ग हसला. मुलं हसतात, त्याचं मला काही नाही. पण बाईही हसल्या, आणि त्याला उभं करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मला बोलावून सांगितलं, 'घरी शुद्ध बोलत जा, नाहीतर ह्याचं काही खरं नाही.'

२०११च्या जनगणनेत खानदेशी ह्या नावाखाली १८ लाखांहून जास्त लोकांची मातृभाषा नोंदलेली आहे. आमची अहिराणी त्यातच येते. एवढी माणसं जे बोलतात ते अशुद्ध कसं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. घरात अहिराणी बंद केली. गावाहून सासूबाईंचा फोन आला की पोराच्या हातात देताना 'नीट बोल' म्हणून दटावायचे. वर्षभरात तो आजीशीही बोलेना आणि वर्गातही बोलेना. निबंधाच्या वह्या लाल रेघांनी भरून यायच्या. तुला नक्की काय म्हणायचं होतं, एवढं मात्र त्याला कुणी विचारलं नाही.

तुमचा कोडिंगचा तास सुरू झाला तेव्हा मला वाटलं, पुढे नोकरीला उपयोगी पडेल. भाषेशी त्याचा काही संबंध असेल असं मनातही आलं नव्हतं. तुम्ही पायथन ह्या संगणकाच्या भाषेत मुलांकडून शब्दकोश करून घेतलात: डावीकडे एक शब्द, मध्ये दोन टिंबं, उजवीकडे त्याचा अर्थ. बाकीच्यांनी मराठी-इंग्रजी घेतलं. ह्याला तुम्ही विचारलंत, 'तुमच्या घरी काय बोलतात?' आणि डावी बाजू अहिराणीला दिलीत. शे म्हणजे आहे. आंडोर म्हणजे मुलगा. आठे म्हणजे इथे.

मग त्याने एक वाक्य टाकलं आणि प्रोग्रॅम थांबला. पडद्यावर लाल अक्षरं आली. लाल रंग दिसला की त्याचे हात गार पडतात, सर. तुम्ही स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, 'तुझा शब्द बरोबर आहे. आपल्या कोशात तो नाही, म्हणून मशीन अडलं. सांग, काय लिहू?' आणि त्याने सांगितला तसा, एकही अक्षर न बदलता, तुम्ही तो टाइप केलात.

तुमच्यासाठी ते अर्ध्या मिनिटाचं काम असेल. त्या संध्याकाळी तो दप्तर न उतरवताच मला सांगत सुटला, 'आई, माझा शब्द बरोबर होता.' मी ओट्याकडे तोंड फिरवून रडले.

त्यानंतर जे झालं ते कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने झालं नसतं. त्याने 'मी गावले जाई ऱ्हायनू' हे वाक्य टाकलं. एकेक शब्द बदलून उत्तर आलं, 'मी गावाला जाऊन राहिलो'. शब्द सगळे बरोबर, अर्थ पार वेगळा! आजीला म्हणायचं असतं 'मी गावाला चाललोय', आणि मशीन तर मुक्काम करून आलं. दोन दिवस तो त्याच्यामागे होता. शेवटी त्याचं त्यालाच उमगलं की 'जाई ऱ्हायनू' तोडायचं नाही, जोडीनेच कोशात घालायचं, आणि प्रोग्रॅमने आधी जोड्या शोधायच्या, मग सुटे शब्द. आता निबंध लिहितानाही तो थांबून विचारतो, 'हे वाचणाऱ्याला कळेल का?' पूर्वी विचारायचा, 'हे चुकीचं आहे का?'

अहिराणी घरात परत आली. तो मलाच खोदून खोदून विचारतो, 'ह्याला तू लहानपणी काय म्हणायचीस?' काही शब्द मलाही आठवावे लागतात, त्याची लाज वाटते. चांगुलपणा करायला माणसाला फार मोठी जागा लागते असं मला वाटायचं. तुम्ही तो एका लाकडी स्टुलावर बसून केलात. शाळाशाळांत अशी माणसं असतील, कुणाच्या नजरेत न येता पोरांच्या शेजारी बसणारी. त्यांनाही माझा नमस्कार पोचू दे.

रविवारी सासूबाईंशी त्याचा पाऊण तास फोन चालला. वही मांडीवर होती. मध्येच त्यांनी एक शब्द सांगितला, जात्याच्या कुठल्याशा भागाचा, आणि तो म्हणाला, 'थांब, आजी, परत सांग, डावीकडे लिहितो.' उजवी बाजू अजून कोरी आहे. त्या भागाला प्रमाण मराठीत काय म्हणतात ते मला सांगता आलं नाही. सोमवारी तो तुम्हाला विचारायला येईल.

आपली नम्र,
खिडकीजवळच्या मुलाची आई