चिनी नावे मराठी कानाने लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चीनविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात आता जवळजवळ रोज असतात आणि मी त्या सर्वांत आधी वाचते. तक्रार आहे ती त्यांतल्या नावांबद्दल. चीनचे अध्यक्ष कधी 'शी' होतात, कधी 'क्षी'. छिंगताओ बंदराचे 'किंगदाओ' होते, छुंगछिंगचे 'चोंगक्विंग'. ही नावे अशीच एखाद्या चिनी माणसापुढे उच्चारली, तर कुठल्या गावाबद्दल चालले आहे हे त्याला कळणार नाही.

मी चाकणला चिनी दुभाषी म्हणून काम करते. रोमन लिपीतले नाव इंग्रजीसारखे वाचले जाते, तिथेच घोटाळा होतो. चीनने 1958 साली स्वीकारलेली ही लेखनपद्धती, पिनयिन, इंग्रजी वाचकासाठी केलेलीच नाही. प्रमाण चिनीत ब, द, ग हे घोष वर्ण नाहीत. तिथला भेद आहे प आणि फ, त आणि थ, क आणि ख यांच्यातला. म्हणून पिनयिनने 'बी' हे अक्षर प-साठी वापरले आणि 'पी' फ-साठी. (हा फ 'फळ'मधला, 'फोन'मधला नव्हे.) इंग्रजी बोलणाऱ्यांना हा भेद शिकवताना तोंडापुढे कागदाचा कपटा धरायला लावतात, कपटा हलला तर फ. आपल्याकडे तो मुलांना बाराखडीपासूनच येतो! 'क्यू' म्हणजे छ, 'एक्स' म्हणजे श. 'जे' म्हणजे 'चिवडा'तला च आणि 'झेड' म्हणजे जवळपास 'चाक'मधला च. हे दोन्ही च मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून आहेत.

या हिशेबाने 'बीजिंग' हे 'पेइचिंग' होते, 'डेंग झियाओपिंग' हे 'तंग श्याओफिंग'. आपल्या आजोबांच्या पिढीची वर्तमानपत्रे 'माओ त्से तुंग' आणि 'चौ एन लाय' छापत. जुन्या रोमन पद्धतीत तिथे 'टी' आणि 'सीएच' असत, म्हणून ती रूपे आजच्या 'झेडोंग', 'झोऊ'पेक्षा मूळ उच्चाराच्या जवळ होती. आपण मागे गेलो आहोत, याचे मला वाईट वाटते.

दुसरी गोष्ट आडनावाची. चिनी नावात आडनाव आधी येते. 'जिनपिंग म्हणाले' हा मथळा चिनी वाचकाला फार खटकेल, कारण नुसत्या नावाने हाक घरचे आणि जवळचेच मारतात. कामाच्या ठिकाणी आडनाव आणि हुद्दा, अगदी आपल्या 'पाटील साहेब', 'जोशी मास्तर'सारखे. व्यवस्थापक वांग असतील तर 'वांग चिंगली'. अभियंता चांग असेल तर 'चांग कुंग'. अभियंत्यासाठीच्या लांब शब्दाचे पहिले अक्षर तेवढे आडनावाला जोडायचे. आमच्याकडे यंत्र बसवायला आलेल्या अभियंत्याला सगळे 'मिस्टर झांग' म्हणत आणि तो कामातून मान वर करत नसे. जेवणाच्या सुटीत एका ऑपरेटरने माझ्याकडून 'चांग कुंग' घोकून घेतले. दुपारी त्याने तशी हाक मारली, तर चांग हातातला पाना ठेवून लगेच त्याच्याकडे गेला आणि स्पिंडलचे सेटिंग त्याला दोनदा करून दाखवले.

चिनी लोकांनी आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत ही काळजी घेतली आहे. 1938 साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या पाचही डॉक्टरांना त्यांनी आपल्या भाषेत बसणारी नावे दिली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे 'ख तीह्वा' आहेत, 'ख' हे कोटणीसमधून घेतलेले आडनाव. नागपूरचे डॉ. चोळकर 'च्वो खह्वा'. शेवटचा 'ह्वा' पाचही नावांत आहे. त्याचा अर्थ चीन.

चिनीत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि सूर देवनागरीत दाखवता येत नाहीत हे खरे. 'माय' खाली जाऊन वर आला तर विकत घेणे, वरून खाली आपटला तर विकणे. वाटाघाटीच्या टेबलावर मी यासाठी कान टवकारून बसते. पण बातमीतल्या नावासाठी सुरांची गरज नाही. शांघाय, हाँगकाँग ही रूळलेली नावेही बदलू नयेत. नव्याने येणारी गावे, माणसे आणि कंपन्या एवढ्यांपुरतेच माझे म्हणणे आहे, आणि मजकुरात दुसऱ्यांदा उल्लेख करताना 'जिनपिंग' न लिहिता 'शी' लिहावे.

बातम्यांत नेहमी येणाऱ्या नावांची देवनागरी यादी मी विनामूल्य करून देईन. आपल्या उपसंपादकांना ऐकता यावेत म्हणून उच्चार ध्वनिमुद्रित करून सोबत पाठवीन. यादी कोणाकडे पाठवू, तेवढे कळवावे.

आपली नम्र,
एक चिनी दुभाषी, चाकण