आधी सुई काढा, मग मलम

संपादक साहेब, नमस्कार,

बावीस वर्षं मी वॉर्डात सिस्टर म्हणून काम करतेय, पण मागच्या महिन्यात पहिल्यांदाच पेशंटशेजारी स्टुलावर बसले, आई ॲडमिट होती. सलाइनची सुई नेमकी मनगटाच्या वाकणीत लावलेली, दुसऱ्या दिवशी आई म्हणते आग होतेय गं हाताची. बघितलं तर सुईपासून वर बोटभर लाल रेघ आणि शीर सुतळीसारखी कडक. ड्यूटीवरच्या मुलीने वरून जेल लावलं, सुई तशीच, आणि संध्याकाळचं ॲंटिबायोटिक पण त्यातूनच दिलं. तिच्यावर राग नाही माझा, अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर होता. पण हे चूक आहे हो.

शीर सुजली, म्हणजे फ्लेबायटिस झाला, की पहिला उपाय सुई काढणं हाच. ती आत ठेवून वरून काहीही लावा, आतली टोचणी चालूच राहते. काढल्यावर हात उशीवर उंच ठेवायचा, कोमट ओला शेक द्यायचा. आपल्याकडे मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट नावाचं क्षार) आणि ग्लिसरीनचं मिश्रण गॉजवर, म्हणजे जाळीदार पट्टीवर, घेऊन बांधतात त्याने सूज उतरायला मदत होते, हेपारिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) मलम हलक्या हाताने पसरायचं, चोळायचं अजिबात नाही, आत गुठळी असू शकते. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर मात्र विचारल्याशिवाय शेकू नका, काही औषधांना बर्फ लागतो. पू दिसला, ताप आला तर लगेच डॉक्टर.

आणि हे मोजता येतं! इंग्लंडमधले नर्स अँड्र्यू जॅक्सन यांनी 1998 मध्ये व्हीआयपी स्कोअर (व्हिज्युअल इन्फ्यूजन फ्लेबायटिस, म्हणजे सुईची जागा नुसती बघून शिरेची सूज मोजायची) दिला, 0 ते 5. दुखणं, लाली, सूज यातली दोन दिसली की स्कोअर 2, सुई काढून दुसरीकडे लावायची. बघायला अर्धा मिनिट लागतो, पण किती वॉर्डांत चार्टवर त्याचा रकाना आहे?

नातेवाइकांनाही हात जोडून सांगते, सुई बदलायला गेलं की "परत टोचणार का" म्हणून भांडू नका, आणि पेशंट ठणकतंय म्हणाला तर गप्प बसू नका, सिस्टरला हाक मारा. हॉस्पिटलांनी निदान चिकटपट्टीवर सुई लावल्याची तारीख-वेळ लिहायची सक्ती करावी आणि प्रत्येक शिफ्टला ती जागा बघायला माणूस द्यावा. आईची ती शीर अजून हाताला कडक लागते, भाकरी थापताना दुखतं म्हणते.

– एक स्टाफ नर्स, सातारा