जीपच्या क्लचचा एक इंच : आई-बाबांना पत्र

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

निघायच्या गडबडीत बाबांच्या प्रश्नाचे उत्तर अर्धवट राहिले. एवढे सगळे सामान बदलल्यावरही क्लचचे पेडल सुरुवातीला इंचभर मोकळे का जाते, आणि ते गावातल्या मिस्त्रींकडून आवळून घ्यावे का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता येणार नाही म्हणून सविस्तर लिहिते. बाबा, ते आवळून घेऊ नका. तो इंच मी मुद्दाम मोजून ठेवलेला आहे.

आपली जीप सीजे-३बी जातीची. विलीज कंपनीने १९५३ साली अमेरिकेत टोलेडोला काढलेली आणि पुढे महिंद्राने मुंबईत बांधलेली ही गाडी. तिच्या क्लचमध्ये बऱ्याच नव्या गाड्यांसारखे तेलाच्या दाबाचे काम नाही. तुमच्या पायाचा जोर पेडलवरून रॉडकडे, रॉडवरून चासी आणि इंजिन यांच्यामध्ये टांगलेल्या आडव्या नळीकडे, तिच्या तरफेवरून एका छोट्या केबलने फोर्ककडे (बेअरिंग ढकलणाऱ्या दुबेळक्याकडे) आणि फोर्कवरून रिलीज बेअरिंगकडे जातो. हे बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटची, म्हणजे क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या तबकडीची, बोटे दाबते आणि तेव्हा क्लच सुटतो, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होते. पाय काढल्यावर बेअरिंगने त्या बोटांपासून पूर्ण बाजूला झाले पाहिजे, कारण बोटे इंजिनाबरोबर अखंड फिरत असतात. बेअरिंग आणि बोटे यांच्यामधली ही फट जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते, पण तरफांमुळे ती पेडलपाशी इंच ते दीड इंच, म्हणजे २५ ते ३८ मिलिमीटर दिसते. फट उरलीच नाही तर बेअरिंग सतत घासून जळते, आणि पुढे बोटांवर कायमचा दाब राहून क्लच घसरू लागतो, म्हणजे घाटात इंजिन ओरडते पण गाडी चढत नाही.

आता सगळ्यांना उलटी वाटणारी गोष्ट. क्लचप्लेट झिजली की हा मोकळेपणा वाढत नाही, कमी होतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, बोटांची आतली टोके मागे बेअरिंगकडे येतात आणि फट आपोआप मिटत जाते. म्हणून पेडल 'अगदी वरपासून पकडते' हे ऐकायला चांगले वाटले तरी ती धोक्याची खूण आहे. केबल सैल करण्याची वेळ आली, असा तिचा अर्थ.

आपल्या जीपमध्ये मात्र दोन निरनिराळे मोकळेपणा एकमेकांत मिसळले होते, आणि खरे काम ते वेगळे करण्याचे होते. एक हवा असलेला, फटीचा. दुसरा झिजेचा. पिना बारीक झालेल्या, तरफांची भोके लांबट झालेली, आडव्या नळीच्या दोन्ही टोकांचे बॉल चपटे पडलेले. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी हालचाल वाया जायची आणि पेडलपर्यंत तिची बेरीज होऊन निम्मा पाय नुसताच आत जायचा. अशा वेळी गिअर पडेनात म्हणून केबल आवळली की गिअर पडतात, गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते, पण आवळताना झीज जात नाही, जाते ती फट. गॅरेजमधली ही सवय मला फार खटकते, कारण तिच्यापायी चांगली बेअरिंगे वाया जातात.

म्हणून आधी केबलला हात न लावता मी सगळे सांधे सोडवले. लांबट भोके वेल्डिंगने भरून दापोलीच्या लेथवर पुन्हा गोल पाडून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी मापाची नवी पिन घातली. पिनेच्या जागी बोल्ट घालायला मी ठाम नकार दिला, कारण बोल्टचे आटे भोकात कानशीसारखे काम करतात. दोन्ही बॉल नवे बसवले आणि सांध्यांत ग्रीस भरले. बाबा, पेडल हलके लागते असे तुम्ही म्हणालात ते एवढ्यामुळेच. तुमच्या डाव्या गुडघ्याला त्याचा आराम मिळावा ही माझी इच्छा होतीच. रिलीज बेअरिंगला मात्र रॉकेलचा स्पर्शही होऊ दिला नाही. त्यातले ग्रीस कारखान्यातच भरलेले असते, धुतले की ते जाते आणि परत भरता येत नाही.

इंजिनापासून चासीच्या आडव्या पट्टीला बांधलेली एक तारही तपासली. ही तार कोणी हिशोबात धरतच नाही. आडव्या नळीचे एक टोक चासीला आणि दुसरे इंजिनाच्या अंगाला असल्यामुळे, इंजिन रबरांवर पुढेमागे झाले की क्लच आपोआप थोडा दाबला-सोडला जातो आणि गाडी उचलताना थरथरते. तार इंजिनाला नुसते धरून राहील इतपतच ताणायची, ओढून धरायची नाही.

जुळवणी सगळ्यात शेवटी. केबलच्या टोकाच्या योकला (पिनेने जोडलेल्या कडीला) जागेवर धरणारा लॉकनट सैल केला, पिन काढली आणि योक फिरवून पाहिला. केबल आखूड झाली की फट कमी होते, लांब झाली की वाढते. फोर्कचे टोक हाताने हलवून खरी फट आहे याची आधी खात्री करून घेतली आणि मगच पेडलपाशी मोजले. आई, फुटपट्टी तूच धरली होतीस, त्यामुळे माप कसे घ्यायचे हे तुला माहीत आहे. पेडल बोटाने दाबायचे, पायाने नाही. पहिला हलका प्रवास संपून जिथे जड लागू लागते तिथपर्यंतचे अंतर घ्यायचे. आपण ते सव्वा इंचावर ठेवले, कारण नवी प्लेट सुरुवातीला लवकर बसते आणि तेवढी फट खाते.

क्लच पूर्ण सुटतो की नाही हे पाहायला रिव्हर्ससारखा परीक्षक नाही, कारण या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला आणि रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. इंजिन संथ चालू ठेवा, पेडल पूर्ण दाबून दोन-चार सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. करकर न होता गिअर पडला पाहिजे. करकर झालीच, तरी केबल आवळण्यापूर्वी मला फोन करा.

बाबा, दोन विनंत्या आहेत. चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, आणि चढावर गाडी क्लचवर धरण्याऐवजी हँडब्रेक लावा. गाडीखाली तर तुम्ही मुळीच जायचे नाही. माप बसल्या जागी घेता येते, आणि खालचे काही करायचे असेल तर मी येईपर्यंत थांबू शकते.

पुढची काहीशे किलोमीटर झाली की आईने एकदा माप घ्यावे. इंचाच्या वर असेल तर काहीच करू नका. इंचाच्या खाली आले असेल तर मिस्त्रींना हे पत्र वाचून दाखवा आणि योक थोडा सैल करून घ्या. लॉकनट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा माप घ्या, कारण आवळताना योक फिरतो. काढलेली स्प्लिट पिन (मोठी पिन निसटू नये म्हणून टोके वाकवून घालतात ती) परत घालू देऊ नका, नव्या पिना आणि जास्तीची रिटर्न स्प्रिंग बॅटरीच्या पाण्याच्या कॅनशेजारच्या डब्यात ठेवल्या आहेत. माप रविवारच्या फोनवर सांगा, मी ते वहीत लिहून ठेवीन.

तुमची,
मुलगी